एक्क्याण्णव पानांचं घर

आमच्या हिला ते घर सात मिनिटांत पसंत पडलं. सात मिनिटं हे मी उगाच ठोकून देत नाही. फाटकातून आत शिरताना आणि बाहेर पडताना मी घड्याळ पाहिलं होतं, ती माझी सवयच आहे. तेवढ्या वेळात तिनं पुढची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, मागच्या अंगणात उभं राहून एक लांबलचक श्वास घेतला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "घेऊया." याच बाईनं मागच्या वर्षी दारातलं पायपुसणं घ्यायला चार दुकानं आणि दोन रविवार घालवले होते.

मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांच्या पट्ट्या, दूधवाल्यांची मापं तपासायची आणि शिक्का मारायचा, हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय. त्यामुळे समोरचा माणूस फार गोड हसला की त्याच्या पारड्याखाली काहीतरी चिकटवलेलं असणार, अशी माझी पक्की समजूत झालेली आहे. आणि त्या घराची मालकीण तर गोडही हसली नव्हती. ती अजिबातच हसली नव्हती. हे मला आणखी संशयास्पद वाटलं.

मालकीण म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची, म्हणून आम्हीही बाईच म्हणू लागलो. घर पासष्ट वर्षांचं, बाई त्याहून थोड्या मोठ्या. एकटं राहणं आता झेपत नाही म्हणून त्या लेकीकडे, दुसऱ्या शहरात राहायला जाणार होत्या.

घाई आम्हाला होती ती आईसाठी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि आईच्या गुडघ्यांनी आठ महिन्यांपूर्वी जिन्याशी कायमचं भांडण करून टाकलं होतं. तेव्हापासून ती खाली उतरलेली नव्हती. खिडकीतून तिला लोकांची फक्त डोकी दिसायची. "पलीकडच्या बँकवाल्याचं टक्कल रुपयाएवढं होतं, आता बशीएवढं झालं," असल्या बातम्या ती आम्हाला संध्याकाळी द्यायची. ऐकताना हसू यायचं, आणि मग यायचं नाही. बाईंच्या घरात पायऱ्या होत्या फक्त दोन, त्याही बसक्या.

तरीही मी हिला ठणकावून सांगितलं, "आधी घराची सविस्तर तपासणी. पायापासून छपरापर्यंत. मग काय ते ठरवू."

हा विचार माझा नव्हता. तो खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांचा. निवृत्तीनंतर त्यांनी सल्ले वाटायला घेतले आहेत, आणि पत्रं वाटली नसतील इतक्या तत्परतेनं ते घरपोच देतात. स्वतः त्यांनी जन्मात घर घेतलेलं नाही. "म्हणूनच माझं मत निःपक्षपाती," असं ते म्हणतात. "तपासणी तर कराच. पण तोपर्यंत एक गोटी घ्या. फरशीच्या मधोमध ठेवा. गोटी जागची हलली नाही तर घर घ्या. घरंगळली तर समजा घर खचतंय."

दुसऱ्यांदा घर बघायला गेलो तेव्हा माझ्या खिशात गोटी होती. बाई पाणी आणायला आत गेल्या तशी मी ती फरशीवर ठेवली. गोटी क्षणभर विचारात पडली, मग दाराकडे निघाली. तिच्यामागे मी, गुडघ्यांवर आणि हातांवर. आम्ही दोघे एकाच वेळी बाईंच्या चपलांपाशी पोचलो. बाईंनी वाकून गोटी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाल्या, "वर्गात गोट्या चालत नाहीत." गोटी त्यांनी पदराला बांधली. ती मला परत मिळाली नाही, आणि मागायची माझी हिंमत झाली नाही.

तिथंच, उभा राहून गुडघे झटकत, मी तपासणीचा विषय काढला.

"तपासणी? कशाची?"

"घराची. म्हणजे तशी शंका काही नाही, पण आजकाल सगळेच करून घेतात."

"तोंडी नको," बाई म्हणाल्या. "लेखी अर्ज द्या. कारण लिहा."

मी अर्ज दिला. कचेरीत बसून, तीन मसुदे फाडून, अत्यंत अदबीचा. चार दिवसांनी तो परत आला. त्यावर लाल शाईनं सात ठिकाणी गोल केले होते. 'तपासनी' या शब्दाखाली दोन रेघा आणि समासात 'णी, णी, णी'. खाली शेरा: "अर्ज मंजूर. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे." माझ्या शेऱ्यानं बाजारपेठेतले भलेभले दुकानदार घामाघूम होतात. तो कागद मी हिच्यापासून लपवून ठेवला, पण तो तिला सापडला आणि तिनं तो आईला वाचून दाखवला. दोघी बराच वेळ हसल्या.

सर्व्हेअर मिळाला तो कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं. मी फोन करून सगळी माहिती दिली. पलीकडून दवाखान्यातल्यासारखा हळू आवाज आला. "पासष्ट वर्षांचं म्हणता. राहतं का कोणी त्यात?"

"हो. मालकीण राहतात."

"अजून?" सर्व्हेअर म्हणाला.

मग त्यानं घराचा मंजूर नकाशा मागितला. नकाशाशिवाय तो घराला हात लावत नाही म्हणे. बाईंकडचा नकाशा केव्हाच वाळवीनं खाल्ला होता, म्हणून मी बांधकाम कचेरीच्या अभिलेख विभागात गेलो. सरकारी माणूस दुसऱ्या सरकारी कचेरीत गेला की त्याला जरा बरी वागणूक मिळेल, असं मला वाटलं होतं. माझी ही समजूत पहिल्या दहा मिनिटांत फिटली.

"नकाशाच्या नकलेसाठी अर्ज, ओळखपत्र, मालकाची संमती आणि नकाशा जोडा," खिडकीतले कारकून म्हणाले.

"नकाशाच तर हवा आहे."

"हो, पण कोणता? इथे अकरा हजार नकाशे आहेत. नकाशा जोडल्याशिवाय तुम्हाला कोणता नकाशा हवाय हे आम्हाला कसं कळणार?"

यावर तोड म्हणून मी त्यांच्याच पाठकोऱ्या कागदावर घराचं चित्र काढून दिलं. कारकुनांनी ते आडवं-उभं धरून पाहिलं आणि झाड कशाला काढलं, एवढंच विचारलं. त्यानंतर तीन खेपा झाल्या. एकदा शोधणारा शिपाई रजेवर होता, एकदा शिडी रजेवर होती. चौथ्या खेपेला नकाशा मिळाला आणि तो पाहून माझे डोळे फिरले. सगळी अक्षरं उलटी होती. नकाशा पारदर्शक कागदावर काढलेला, आणि पासष्ट वर्षांपूर्वी कोणीतरी तो पालथा ठेवून त्यावर शिक्का मारला होता. शिक्का सुलटा, घर उलटं. स्वयंपाकघर डावीकडचं उजवीकडे, मागची खोली उजवीकडची डावीकडे.

"हा पालथा आहे," मी म्हणालो.

"शिक्का ज्या बाजूला, ती सुलटी बाजू," कारकून म्हणाले. "कागदोपत्री घर असंच आहे."

"पण प्रत्यक्षात तसं नाही!"

"मग प्रत्यक्षात दुरुस्ती करावी लागेल," ते सहानुभूतीनं म्हणाले. वाईट याचं वाटलं, की त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

तपासणीच्या दिवशी सकाळी दहाला सर्व्हेअर हजर झाला. उतरते खांदे, जाड भिंगांचा चष्मा, एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात ओल मोजायचं यंत्र. ही रजा काढून आली होती. पोस्टमास्तर 'सहज' आले होते. बाई इस्त्रीची साडी नेसून, शाळेत शिक्षणाधिकारी येणार असल्यासारख्या दारात उभ्या होत्या.

सर्व्हेअरनं मला बाजूला घेतलं. "घर तुम्हाला आवडलंय का?"

"हो, तसं आवडलंय."

"आवडायला नको होतं," तो म्हणाला. "पुढे जड जातं."

मग तो भिंतीवर हातोडीनं टकटक करत, कान लावत, घरभर फिरू लागला. प्रत्येक ठिकाणी थांबून तो "हं" म्हणायचा. त्या 'हं'ला प्रकार होते. आखूड 'हं' म्हणजे चालेल. लांब 'हं' म्हणजे बघा बुवा. आणि डोळे मिटून केलेला 'हं' म्हणजे घरच्यांना कळवा. प्रत्येक 'हं'ला बाईंची मान थोडी आणखी ताठ व्हायची. ओलीचं यंत्र भिंतीला टेकलं की शिटी मारायचं. त्यानं स्वयंपाकघरात शिटी मारली, मोरीत मारली, पुढच्या खोलीत मारली. "बिघडलंय का बघू," म्हणून पोस्टमास्तरांनी ते माझ्या तळहाताला लावलं, तर माझ्या हाताला ते सगळ्यात मोठ्यांदा वाजलं. सर्व्हेअरनं माझ्याकडे पाहून आखूड 'हं' केला.

शेवटी सांडपाण्याची परीक्षा. न्हाणीघरात हिरव्या रंगाची पूड ओतायची, वर चार बादल्या पाणी, आणि बाहेर चेंबरचं झाकण उघडून हिरवं पाणी येतंय का बघायचं. चेंबर कुठे, हे त्यानं नकाशात पाहिलं. मी त्याला सांगितलं होतं की नकाशा पालथा आहे. पण शिक्का पाहून तो म्हणाला, "मंजूर नकाशा तो मंजूर नकाशा." आम्ही पाच माणसं घराच्या पूर्वेला एका भोकाभोवती वाकून उभे राहिलो. दहा मिनिटं झाली. कोरडं ठणठणीत.

"पाणी कुठेतरी जातंच," असं म्हणून सर्व्हेअरनं आत जाऊन दुसरी पुडी ओतली. मग तिसरी. चौथीही ओतली असती, पण तेवढ्यात पश्चिमेच्या घरातून एक किंकाळी ऐकू आली.

पश्चिमेला दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. दार धाडकन उघडलं आणि एक रुग्ण बाहेर आला, गळ्यात कागदी लाळेरं, गालात कापूस, अर्धं तोंड बधिर. "हिअवं! हिअवं!" एवढंच तो रस्त्याकडे हातवारे करत ओरडत होता. तो वळणापर्यंत धावत गेला तेव्हाही लाळेरं गळ्यातच होतं. त्याच्यामागून डॉक्टर आले. वर पांढराशुभ्र डगला, गुडघ्याखाली पोपटी पाय. जमिनीतल्या जाळीतून हिरवं पाणी कारंज्यासारखं उसळून दवाखानाभर झालं होतं.

"कोणी केलं हे?" डॉक्टर गरजले. मग त्यांना बाई दिसल्या. पन्नाशीचा तो धिप्पाड गृहस्थ, त्यानं तोंडावरचा मास्क काढला, दोन्ही हात मागे बांधले आणि म्हणाला, "बाई, मी नाही केलं."

डॉक्टर बाईंचे विद्यार्थी. आणि गेली आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. गल्लीत एक घाण वास यायचा. बाई म्हणायच्या तो दवाखान्याचा, डॉक्टर म्हणायचे तो बाईंच्या मोरीचा. सर्व्हेअरनं पोपटी डबक्यात उभं राहून, नकाशा शेवटी उलटा करून पाहिला आणि खुलासा केला की दोन्ही घरांचं सांडपाणी एकाच नळात जातं, तो नळ दोन्ही घरांच्या मधून जातो, आणि तो तुंबलेला आहे, बहुधा फुटलेलाही.

बाईंनी डबक्याकडे पाहिलं. "म्हणजे वास माझाच होता."

"अर्धा माझा, बाई," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी डॉक्टरांनी बाईंकडे चहा घेतला, पाय बादलीत बुडवून. मला वाटलं, चला, तपासणीनं एक तरी भलं केलं. मी उगाच स्वतःवर खूश झालो.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. एक्क्याण्णव पानं, रंगीत छायाचित्रांसह. छायाचित्र क्रमांक सत्तावीसमध्ये भिंतीची ओल दाखवायची होती, पण त्यात ओलीपेक्षा मीच जास्त आलो होतो, तोंड उघडं टाकून छताकडे बघताना. खाली छापलं होतं: 'स्थिती असमाधानकारक.' हिनं ते पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

आईनं मात्र अहवाल चष्मा लावून, दोन दुपारी बसून पूर्ण वाचला. "हे बघ, 'खालचे सांधे झिजले आहेत, तथापि तूर्त भार पेलण्यास सक्षम.' अरे, हा माणूस घराबद्दल लिहितोय की माझ्याबद्दल?"

एक्क्याण्णव पानं वाचूनही घर घ्यावं की नाही हे कळत नव्हतं. प्रत्येक वाक्याला 'तथापि' होतं. शेवटी मी सर्व्हेअरला फोन करून सरळ विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर हे घर घेतलं असतं का?"

"मी?" तो दचकला. "मी बत्तीस वर्षं घरं तपासतोय. मी भाड्यानं राहतो."

हिनं माझ्या हातून फोन घेतला. "आणि तिथे सुखात आहात का?"

"तो प्रश्न तपासणीच्या कक्षेत येत नाही," सर्व्हेअर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

यानंतर मी जे केलं ते पूर्णपणे माझ्या डोक्यानं केलं, त्यात पोस्टमास्तरांचा हात नव्हता. आमच्या खात्याचा नियम आहे: ज्याची तपासणी केली त्याला तपासणीची प्रत द्यायची. ही म्हणाली, "अहो, एखाद्या बाईला तिचाच एक्स-रे फ्रेम करून भेट देतात का?" मी म्हणालो, पारदर्शकता नावाची काही चीज असते. आणि मी अहवालाची एक प्रत, सोबत शुद्धलेखन तीनदा तपासलेली चिठ्ठी, बाईंच्या दारातून आत सरकवली.

तिसऱ्या दिवशी ती प्रत परत आली. वर एकच ओळ होती: "घर विकायचे नाही."

आत पानोपानी लाल शाई. मी चरफडत वाचायला बसलो. पान बारावर सर्व्हेअरनं लिहिलं होतं, 'पुढील खिडकीच्या सहा काचा सहा वेगवेगळ्या प्रकारच्या, विसंगत.' समासात बाईंनी लिहिलं होतं: "सहा वेगवेगळ्या मुलांनी फोडल्या म्हणून. त्यातली दोन आता परदेशी आहेत, एक शेजारी दात काढतो." पान चाळीसवर, 'ओसरीच्या फरशीची मध्यभागी अकारण झीज.' समासात: "तीस वर्षं संध्याकाळी इथे मुलं शिकायला बसली. फी घेतली नाही. अकारण नाही." पान छप्पन्नवर, 'स्वयंपाकघरातील ओट्याची उंची प्रमाणापेक्षा कमी.' त्यावर फक्त: "ह्यांनी माझ्या मापाचा बांधून घेतला होता."

त्या ओळीपाशी माझं चरफडणं थांबलं. तासाभरानं मी शर्ट बदलून माफी मागायला गेलो. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"तुमच्या कागदात चूक काही नाही," त्या म्हणाल्या. "चूक असती तर मला राग आला नसता." आणि दार लावून घेतलं.

घरी ही माझ्याशी बोलेना. बोलायची ती आईच्या मार्फत. "आई, ज्यांना नियम पाळायचे असतील त्यांना म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय." पोस्टमास्तरांनी दुसरी तीन घरं सुचवली, तिन्ही चौथ्या मजल्यावरची. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, "माझ्या चपला कुठे आहेत?"

आठ महिने न लागलेल्या चपला माळ्यावरून काढाव्या लागल्या. मी म्हणालो, "आई, तीन मजले आहेत. आणि नंतर परत चढायचंय."

"नंतरचं नंतर. तू खुर्ची घेऊन पुढे हो."

प्रत्येक वळणावर मी खुर्ची ठेवायची, तिनं बसायचं, दम खायचा, पुढच्या सात पायऱ्या उतरायच्या. पोस्टमास्तर खालून सूचना देत होते: उलटं उतरा, शिडीवरून उतरतात तसं, नाही, एका अंगानं उतरा, नाही, थांबा, पुन्हा वर जा आणि पहिल्यापासून करू. आईनं त्यांच्याकडे वरून पाहिलं. "तुमचंही टक्कल वाढलंय हो," ती म्हणाली. मग मात्र ते गप्प झाले. पन्नास मिनिटं लागली. खालच्या दारात उभं राहून तिनं रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिला, नुसता अनोळखी कोणाचातरी चेहरा, आणि पदरानं नाक पुसलं. हिनं माझा दंड घट्ट धरला. तीन दिवसांतला आमचा पहिला संवाद तो.

टॅक्सीनं आम्ही बाईंच्या दारात गेलो. आई दोन पायऱ्या कोणाचाही हात न धरता चढली आणि तिनं दार वाजवलं.

"मी याची आई," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. "याला लहानपणी मारायला हवं होतं, राहून गेलं. घर विकू नका हवं तर, पण मला आत बसू द्या. तीन मजले उतरून आलेय."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. दोघी ओसरीवर बसल्या. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही, म्हणून आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. गुडघ्यांवर बोलणं झालं, लेकीवर झालं, सुनेवर माझ्या देखत झालं आणि आश्चर्य म्हणजे चांगलं झालं. मग बाईंनी सहज विचारलं, "घर घेतलं असतंत तर तुम्ही कुठल्या खोलीत राहिला असतात?"

"मागच्या. अंगणाला लागून आहे ना, ती. पलंग खिडकीखाली टाकायचा, असं ठरलं होतं."

चहाचा कप बाईंनी खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग उठून ओसरीच्या टोकाला गेल्या आणि दवाखान्याच्या दिशेनं हाक मारली, "अरे, इकडे ये जरा. हात धुऊन ये."

डॉक्टर धावत आले. मागच्या खोलीत खिडकीशेजारी एक भलंमोठं लाकडी कपाट होतं. "हे ओढा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या सर्व्हेअरनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, हे हलत नाही. हलतं."

मी आणि डॉक्टरांनी कपाट ओढलं. मागे खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट जमिनीपर्यंत भिंतीला भेग गेली होती. मी त्यात बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"चार वर्षांपूर्वी दिसली," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मीच कपाट पुढे सरकवून घेतलं. जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडल्या, आणि शेवटी हे. म्हटलं, विकून मोकळं व्हावं, कोणाला कळतंय. तुमचा अहवाल आला, त्यात बाकीचं सगळं होतं आणि हे नव्हतं. तेव्हा वाटलं, विकूच नये. पण कारण लिहिता येईना." त्या आईकडे वळल्या. "तुम्ही इथे डोकं टेकणार होतात. मला सांगितल्याशिवाय राहवेना."

डॉक्टरांनी पुन्हा हात मागे बांधले होते. मला मात्र अहवालातलं पान त्रेसष्ट आठवलं. तिथे तळाला, बारीक अक्षरांत, लिहिलेलं होतं: 'मागील खोलीतील कपाटामागचा भाग पाहता आला नाही.' दुधाच्या मापाचा तळ उलटा करून बघणारा मी, त्या ओळीवरून मी नुसता पुढे गेलो होतो.

"आई," मी हळूच म्हणालो, "आता याचा नीट विचार करायला हवा."

"कसला विचार?" आई म्हणाली. "तुला एक्क्याण्णव पानांत जे सापडलं नाही ते या बाईंनी स्वतः होऊन दाखवलं. आता आणखी काय तपासायचंय?"

बाईंनी तोंड फिरवलं. ही पुढे झाली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी सर्व्हेअर आला. भेगेसमोर उकिडवा बसून त्यानं आजवरचा सर्वांत लांब 'हं' केला. फुटलेल्या नळाचं पाणी वर्षानुवर्षं पायाखाली मुरून माती वाहून गेली होती, म्हणून कोपरा बसला होता. नळ बदलायचा, पाया खालून भरून काढायचा, खिडकीवर नवी तुळई टाकायची. मग तो उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "दुरुस्त होईल."

"काय म्हणालात?" मी विचारलं. माझा कानांवर विश्वास बसेना.

"दुरुस्त होईल," तो पुन्हा म्हणाला, आणि स्वतःच जरा गांगरला.

काम आणि कागदपत्रं मिळून दीड महिना लागणार होता. संध्याकाळ व्हायच्या आत घरी पोचावं म्हणून मी टॅक्सी बोलावली. आई ओसरीवरून हलेना.

"मी आता तीन मजले चढणार नाही," ती म्हणाली. "उतरतानाच ठरवलं होतं. माझी औषधं आणि दोन साड्या आणून दे."

"आई, हे घर अजून आपलं नाही!"

"बाईंचं आहे ना? मी बाईंना विचारलंय."

"तोंडी," बाई म्हणाल्या. "यांना अर्ज लागत नाही."

अशी आई तिथे राहिली. दीड महिना आम्ही दोघं रोज संध्याकाळी तिला भेटायला पाहुण्यासारखे जात होतो. गवंडी कुठपर्यंत आला हे आई आम्हाला सांगायची, आणि बाई तिची वाक्यं दुरुस्त करायच्या. दुपारी दोघी फाटकाशी खुर्च्या टाकून बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाई नावानं हाक मारायच्या आणि आई त्याचा चेहरा नीट न्याहाळायची. लेकीकडे जाण्याची तारीख बाईंनी दोनदा पुढे ढकलली, दोन्ही वेळा तुळईचं कारण सांगून.

ताब्याच्या दिवशी वकिलांनी माझ्यासमोर कागद ठेवला. त्यावर छापलं होतं: 'सदर घर पूर्णपणे रिकाम्या स्थितीत ताब्यात मिळाले.' मी पेन उघडलं आणि थांबलो. आतल्या खोलीत, नव्या तुळईखाली, आईचा पलंग होता. पलंगावर आई होती. पलंगाच्या कडेला, बांधलेल्या बॅगेवर पाय ठेवून, बाई बसल्या होत्या, आणि दोघींचं कशावरून तरी जोरात चाललं होतं. बावीस वर्षांत मी न तपासलेल्या किंवा धडधडीत खोट्या मजकुराखाली एकदाही सही केलेली नाही.

"काही शंका आहे का?" वकिलांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि सही केली.